खाण तशी माती

गुन्हा करणारा माणूस तसा जन्मास येतो की तसा घडविला जातो, हा प्रश्न युरोपातील पंडितांनी गेली दीडशे-पावणेदोनशे वर्षे मोठ्या हिरिरीने चर्चिला आहे. आमच्या मराठीत तो त्याहूनही जुना असावा. कारण त्याची दोन्ही उत्तरे म्हणींच्या रूपाने आमच्या बायाबापड्यांच्या तोंडी कायमची बसलेली आहेत. ‘खाण तशी माती’ ही म्हण रक्ताचा पक्ष घेते: ज्या कुळातून माणूस निघाला त्या कुळाचे गुण त्याच्या अंगी यावयाचेच. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण परिस्थितीचा पक्ष घेते: बैलाचा रंग जन्माचा, तो काही बदलावयाचा नाही, पण शेजारच्या बैलाची खोड मात्र त्याला लागल्यावाचून राहत नाही. दोन्ही म्हणी संसाराच्या अनुभवातून निघालेल्या असल्यामुळे दोहोंतही थोडेथोडे सत्य असणार, हे उघड आहे. परंतु कोणती म्हण कोणाला लावावयाची, हे कोण ठरवितो? या प्रश्नाकडे पंडितांचे जावे तितके लक्ष गेलेले नाही; आणि आमच्याच घरी, एकाच चोरीसंबंधाने, एकाच तोंडून या दोन्ही म्हणी आम्ही एका वर्षाच्या आत ऐकल्या नसत्या, तर आमचेही ते गेले नसते.

आमचे मूळ गाव अवसरी बुद्रुक. पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यात मंचरच्या जवळ दोन अवसऱ्या आहेत: एक खुर्द आणि एक बुद्रुक, म्हणजे एक धाकटी आणि एक थोरली. पुण्याहून नाशिककडे जाणारा रस्ता मंचर येण्यापूर्वी ज्या घाटातून जातो त्या घाटालाही अवसरीचेच नाव आहे. आम्ही सांगतो ती गोष्ट १९५६ सालची. आम्ही तेव्हा दहा वर्षांचे होतो. आमच्या घराकडे पिढीजात वतन चालत आले होते. मुंबई राज्यातील परगणे व कुलकर्णी वतने १९५१ साली कायद्याने संपुष्टात आली, त्यांत तेही गेले. वाडा मात्र होता तसाच होता, आणि वाड्यातील माणसांच्या मनांतून वतन अजून गेलेले नव्हते.

गावाच्या कडेला रामोशांची दोन-चार घरे होती. त्यांतील एका म्हाताऱ्याला सारे गाव ‘नाईक’ म्हणे. त्याच्या बापजाद्यांकडे गावची राखण होती. या राखणीचा एक जुना दंडक आजोबा आम्हांस मोठ्या रसाने सांगत असत. गावात चोरी झाली, की राखणदाराने चोराचा माग काढावयाचा; माग दुसऱ्या गावच्या शिवेपर्यंत नेऊन पोचविला, की जबाबदारी त्या गावच्या राखणदारावर; आणि माग शिवेच्या आतच हरवला, तर गेलेल्या मालाची भरपाई राखणदाराने स्वतः करावयाची. नाइकाचा नातू चौदा-पंधरा वर्षांचा होता. तो आमच्याकडे लाकडे फोडावयास, गोठा साफ करावयास येई. आजी त्याला भाकरी आणि ताक देई. अर्थात परसातल्या पायरीवर. गोफण कशी फिरवावी हे आम्हांस त्यानेच शिकविले.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी आजीच्या सोन्याच्या दोन पाटल्या माजघरातल्या लाकडी पेटीतून नाहीशा झाल्या. घरात एकच हलकल्लोळ उडाला. पेटीचे कुलूप फोडलेले नव्हते. दाराची कडी जागच्या जागी होती. घरातला कुत्रा रात्री भुंकला नव्हता. नाइकाच्या बापजाद्यांनी या तीन खुणांवरून माग सरळ माजघरातच आणून सोडला असता. परंतु आमच्या घरच्या मंडळींना मागाची गरजच वाटली नाही. आजी म्हणाली, “रामोशाचं पोर घरात घेतलं, तेव्हाच मला कळायला हवं होतं. खाण तशी माती!” आणि त्या एका वाक्यासरशी तपास संपला.

पोराला चावडीवर नेले. आमचे वडील आम्हांस हाताला धरून तेथे घेऊन गेले. चावडीत दहा-पंधरा माणसे होती. नाईक खाली, उंबऱ्याच्या बाहेर उकिडवा बसलेला होता. वडिलांनी सर्वांसमक्ष आम्हांस विचारले, “काल संध्याकाळी हा आपल्या परसात होता की नाही? खरं सांग.” तो होता. लाकडे फोडावयास आला होता. आम्ही त्याच्याजवळच बसलो होतो. आम्ही म्हणालो, “होता.” हे उत्तर अक्षरशः खरे होते. पुढचे कोणी विचारले नाही, आणि पुढचे जे आम्हांस ठाऊक होते ते आम्ही सांगितले नाही. आदल्या पहाटे आम्ही तहान लागून उठलो, तेव्हा धाकटे काका माजघरात पेटीपाशी वाकलेले आम्ही पाहिले होते. त्यांनी मागे वळून ओठांवर बोट ठेविले होते, आणि आमच्या डोक्यावरून हात फिरविला होता.

पोराला त्या दिवशी चावडीवर जो मार बसला त्याचे वर्णन आम्ही करीत नाही. चोरीचा माल त्याच्याकडे सापडला नाही, कारण तो नव्हताच. पण माल न सापडणे हेही त्याच्या जातीच्या हुशारीचेच लक्षण ठरले. महिनाभरात नाइकाचे घर गाव सोडून गेले. कोणी म्हणे शिरूरकडे गेले, कोणी म्हणे मुंबईस.

पुढे चैत्रात काका मंचरच्या एका सावकाराकडे पाटल्या गहाण ठेवून बसले आहेत, आणि ती सारी रक्कम पत्त्यांच्या डावांत गेली आहे, हे घरात उघडकीस आले. त्या रात्री दारे लावून घेऊन मोठी माणसे हळू आवाजात बोलली. आम्ही अंथरुणात जागेच होतो. काका तसे मनाचे वाईट नाहीत, असे आजोबा म्हणाले. वतन गेले, नोकरीची सवय नाही, तरण्याताठ्या माणसाने रिकामे बसून करावे तरी काय, असे वडील म्हणाले. शेवटी आजी डोळे पुसत म्हणाली, “मंचरची ती संगतच वाईट. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, दुसरं काय!” पाटल्या सोडवून आणल्या. घराण्याचे नाव जाऊ नये म्हणून गोष्ट घरातच पुरली गेली. नाइकाच्या घराला निरोप धाडावा, असे त्या रात्री कोणासही सुचले नाही. आम्हांसही नाही.

आमच्या आजीने समाजशास्त्राचा अथवा जीवशास्त्राचा एकही ग्रंथ वाचलेला नव्हता. परंतु पुढे आम्ही ते ग्रंथ वाचू लागलो, तेव्हा आजीची ती दोन वाक्ये आम्हांस पुनःपुन्हा भेटत राहिली.

त्यांतील पहिल्या वाक्याचा सर्वांत प्रख्यात भाष्यकार म्हणजे इटलीतील वैद्य चेझारे लोंब्रोझो. १८७६ साली त्याने ‘गुन्हेगार मानव’ या अर्थाच्या नावाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. एका डाकूच्या कवटीची तपासणी करताना त्याला तीत खालच्या प्राण्यांत आढळणारी एक खळगी दिसली, आणि जन्मजात गुन्हेगार हा उत्क्रांतीच्या वाटेवर मागे राहिलेला, आदिम अवस्थेत परतलेला मनुष्य होय, असा सिद्धांत त्याने त्यावर उभारला. मोठा जबडा, मागे झुकलेले कपाळ, पुढे आलेले कान ही त्याची बाह्य लक्षणे सांगितली गेली. अंगावर गोंदून घेणे हेही त्याच लक्षणांत जमा होते. आमच्या आजीच्या कपाळावर तुळस आणि दोन्ही मनगटांवर ठिपक्यांची वेल गोंदलेली होती. तेव्हा ट्यूरिनच्या त्या पंडिताच्या तपासणीत वाड्यातील पहिला संशय कोणावर गेला असता, हे सांगावयास नको! लोंब्रोझोने केलेल्या मोजमापांतील मुख्य दोष असा, की तुरुंगातील माणसे मोजताना तुरुंगाबाहेरची तशीच माणसे त्याने नीट मोजली नव्हती. ते काम इंग्लंडमध्ये चार्ल्स गोरिंग याने केले. सुमारे ३,००० कैद्यांची मोजमापे सैनिक, विद्यार्थी इत्यादिकांच्या मोजमापांशी ताडून १९१३ साली त्याने दाखवून दिले, की चेहऱ्यामोहऱ्यावरून ओळखता येईल असा गुन्हेगारांचा निराळा नमुना अस्तित्वातच नाही. गोरिंग स्वतः आनुवंशिकतेचा कैवारी होता. कैदी सरासरीने ठेंगणे व मंदबुद्धी असतात, असेही त्याचे म्हणणे होते. म्हणूनच त्याच्या साक्षीला अधिक किंमत द्यावयास हवी.

परंतु आमच्या देशात रक्ताचा सिद्धांत राबविण्यास सरकार लोंब्रोझोसाठी थांबले नव्हते. त्याचा ग्रंथ निघण्यापूर्वी पाच वर्षे, १८७१ साली, गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. तो करताना जो युक्तिवाद करण्यात आला तो कवट्यांचा नव्हता. तो आमच्याच जातिसंस्थेतून उसना घेतलेला होता. या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, कोष्ट्याचा मुलगा कोष्टी होतो. तेव्हा ज्यांचा पिढीजात धंदाच गुन्हा करण्याचा आहे अशाही जाती येथे असल्या पाहिजेत! आमच्या आजीला हा युक्तिवाद ऐकून मुळीच नवल वाटले नसते. हा कायदा प्रथम उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ साली त्याला व्यापक रूप मिळाले आणि तो मुंबई इलाख्यातही आला. ज्या जमातीचे नाव सरकारी सूचनेत आले, तिच्या माणसांची नोंद व्हावयाची, बोटांचे ठसे घेतले जावयाचे, ठराविक वेळी हजेरी द्यावयाची, परवान्यावाचून हद्द सोडावयाची नाही. कित्येक कुटुंबांना वसाहतींत कोंडण्यात आले. सोलापुरास अशी तारेच्या कुंपणाची मोठी वसाहत होती आणि तेथील माणसे गिरण्यांत राबत. त्या भागाचे ‘सेटलमेंट’ हे नाव अजून पुसले गेलेले नाही. या कायद्याखाली मूल जन्मले म्हणजे ते संशयितच जन्मले. त्याने काही करावयाचे शिल्लक उरलेलेच नव्हते.

आता याच सरकारची दुसरी म्हण पाहा. १८७१ नंतर चारच वर्षांनी, १२ मे १८७५ रोजी, आमच्याच पुणे जिल्ह्यातील सुपे येथे कुणब्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली, आणि ते लोण पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. सावकारांच्या वह्या आणि कर्जखते हिसकावून त्यांच्या होळ्या करण्यात आल्या. कायद्याच्या दृष्टीने हा दरोडाच होता. परंतु या वेळी सरकारने कुणब्यांची डोकी मोजली नाहीत, त्यांचा जन्मधंदा दरोड्याचा आहे असे ठरविले नाही. त्याने चौकशी आयोग नेमला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले होते, ते पुढे कोसळले, सारावाढ झाली, कोर्टाचे हुकूमनामे सावकाराच्या हातचे हत्यार बनले, शेतकरी कर्जात बुडाला, हे सारे आयोगापुढे आले, आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा करण्यात आला. यात शहाणपण होते, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. आमचे म्हणणे एवढेच, की ज्या सरकारला कुणब्याच्या दंग्यामागे कापसाचा भाव दिसला, त्यालाच दुसऱ्या कित्येकांच्या चोरीमागे केवळ त्यांचे रक्त दिसले. कुणबी हा सारा भरणारा प्रजाजन होता. त्याच्या गुन्ह्याची कारणे शोधणे सरकारच्या हिताचे होते. आमचे काका घरचे होते. त्यांच्याही गुन्ह्याची कारणे शोधणे घराच्या हिताचे होते.

रामोशांची कारणे शोधावयास फार दूर जावे लागत नाही. मराठी राज्यात गावांची राखण त्यांच्याकडे होती, किल्ल्यांवरील चौक्यापहाऱ्यांतही ते असत. १८१८ साली पेशवाई बुडाली. किल्ल्यांवरील शिबंदी मोडली. जुने हक्क आणि इनामे कमी झाली वा गेली. त्यानंतर काही वर्षांतच पुरंदरच्या मुलखात उमाजी नाइकाचे बंड उभे राहिले. एकदा सरकारनेच त्याला माफी देऊन आपल्या चाकरीत घेतले, पुन्हा तो बाहेर पडला, पकडला गेला, आणि १८३२ साली पुण्यात फाशी गेला. त्याच्या पाठलागावर असलेल्या कॅप्टन मॅकिंटॉशने पुढच्याच वर्षी रामोशांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. रामोशी म्हणजे सारे साधुसंत होते, असे आम्हांस मुळीच म्हणावयाचे नाही. त्यांनी गावे लुटली आहेत, माणसे मारली आहेत; आणि राखणीचा हक्क न देणाऱ्या गावात चोऱ्या अधिक होत, ही गोष्टही खोटी नव्हे. परंतु १८१७ साली जो माणूस किल्ल्याचा पहारेकरी होता, त्याचाच मुलगा दहा वर्षांनी दरोडेखोर झाला असेल, तर त्या दहा वर्षांत त्यांचे रक्त बदलले, असे कोणता वैद्य म्हणेल? बदलले ते वतन. आणि वतन गेल्यामुळे तरणाताठा माणूस वाया जातो, हे तर आमच्या वडिलांनीच त्या रात्री दारे लावून सांगितले होते! फक्त ते त्यांनी एकाच माणसापुरते सांगितले.

एवढे म्हटले म्हणजे रक्ताचा पक्ष निकालात निघाला, असे मानणारे पुष्कळ आहेत. आम्ही त्यांच्यापैकी नाही. जीवशास्त्राचे म्हणणे ऐकून न घेता त्यास हाकलून देणे हीसुद्धा एक चावडीच झाली. जर्मनीतील योहानेस लांगे याने १९२९ साली जुळ्या भावंडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच बीजापासून झालेल्या, हुबेहूब दिसणाऱ्या जुळ्यांच्या १३ जोड्यांपैकी १० जोड्यांत एकाबरोबर दुसऱ्यानेही तुरुंग पाहिला होता. साध्या जुळ्यांच्या १७ जोड्यांपैकी मात्र २ जोड्यांतच तसे घडले होते. आकडे थोडे आहेत, आणि हुबेहूब जुळी एकाच दावणीला बांधलेलीही असतात, हा आक्षेप खरा आहे. म्हणून पुढे दत्तक गेलेल्या मुलांचे अभ्यास झाले. डेन्मार्कमधील अशा मोठ्या अभ्यासात, जो १९८४ साली प्रसिद्ध झाला, जन्मदात्यांना झालेल्या शिक्षांचा आणि दुसऱ्यांच्या घरी वाढलेल्या मुलांच्या मालमत्तेच्या गुन्ह्यांचा काही संबंध आढळला. हिंसेच्या गुन्ह्यांचा आढळला नाही. तेव्हा स्वभावाचा काही वाटा माणूस जन्मतःच घेऊन येतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. एक मूल शांत असते, एक तापट असते. एकाला धोक्याची भीती वाटते, दुसऱ्याला त्याचीच गोडी वाटते. हे कोणत्याही आईला ठाऊक आहे.

परंतु या वाट्यापासून गुन्ह्यापर्यंतची वाट सरळ नाही. १९६५ साली स्कॉटलंडमधील एका बंदोबस्ताच्या रुग्णालयात काही पुरुषांच्या पेशींत एक ‘वाय’ गुणसूत्र जास्त आढळले, आणि गुन्ह्याचे बीज हाती लागले अशी एकच आरोळी उठली. १९७६ साली डेन्मार्कमध्ये हजारो सामान्य पुरुषांची पाहणी झाली, तेव्हा अशा पुरुषांत हिंसेची विशेष प्रवृत्ती असल्याचा पुरावा मिळाला नाही. १९९३ साली हॉलंडमधील एका कुटुंबात मेंदूतील रसांची विल्हेवाट लावणाऱ्या एका जनुकात बिघाड आढळला, आणि त्या घरातील काही पुरुष अत्यंत आक्रस्ताळे होते. २००२ साली न्यूझीलंडमधील एका अभ्यासाने याच जनुकाविषयी अधिक मोलाची गोष्ट सांगितली: ज्या मुलांत त्याचे कार्य मंद होते आणि ज्यांना लहानपणी छळ सोसावा लागला, त्यांच्यात पुढे हिंसक वर्तन अधिक दिसले, तेच जनुक असून ज्यांचे बालपण सुखाचे गेले, त्यांच्यात तसे दिसले नाही. नंतरच्या काही पाहण्यांत हा संबंध आढळला, काहींत तितका स्पष्ट आढळला नाही. पण बियाणे आणि जमीन यांचा हिशेब निरनिराळा मांडता येत नाही, हे शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या कोणासही यावरून पटावे.

शिवाय हे सारे अभ्यास एकेका माणसाविषयी बोलतात. हजारो कुटुंबांची, शेकडो वर्षांची, निरनिराळ्या स्वभावांच्या माणसांची एक जात घेऊन ‘हिचे रक्त चोराचे’ असे म्हणण्यास त्यांत तिळमात्र आधार नाही. रक्तावरूनच हजेरी लावावयाची, तर सर्वांत भक्कम पुरावा एका निराळ्याच जातीविरुद्ध आहे, आणि ती म्हणजे पुरुषजात! जगातील कोणत्याही देशाचा तुरुंग पाहिला तरी त्यात पुरुषच बहुसंख्य असतात. भारतातील तुरुंगांत शंभर कैद्यांमागे स्त्रिया जेमतेम चार. तरीही सर्व पुरुषांनी रोज रात्री चावडीवर येऊन अंगठा द्यावा, असा कायदा कोणत्याही सरकारने आजवर केला नाही. कारण कायदे करणारे पुरुषच होते, आणि स्वतःच्या बाबतीत त्यांना दुसरी म्हण आठवत होती.

आणखी एक गोष्ट आहे. गुन्हेगारीचे आकडे वह्यांतून येतात, आणि वह्यांत त्यांचीच नावे चढतात ज्यांच्याकडे आधीच संशयाने पाहिले जाते. १९५६ सालच्या त्या चोरीपुरते बोलावयाचे, तर गावाच्या स्मरणवहीत रामोशी एक आणि वाड्यातील मंडळी शून्य, अशी नोंद झाली. खरी नोंद याच्या नेमकी उलट होती. अशा किती नोंदी मिळून एखाद्या जातीची कीर्ती तयार होते, आणि ती कीर्ती वाचून पुढचा तपास कोणत्या दारी जातो, याचा हिशेब कोणत्याही मोजपट्टीने होणारा नाही. मग त्या दाराआडच्या पोराला कोणी काम देत नाही, शाळेत कोणी शेजारी बसवीत नाही. आणि शेवटी त्याने खरोखरच चोरी केली, तर आपण एकमेकांकडे पाहून मान डोलावतो आणि म्हणतो, खाण तशी माती.

कायदे पुढे गेले, हे खरे आहे. मुंबई प्रांताने १९४९ साली गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द केला. साऱ्या देशात तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी संपला. त्या जमातींना ‘विमुक्त’ असे नवे नाव मिळाले. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत चौदा नावे आहेत, त्यांत रामोशी हे एक आहे. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनास १९८८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि ज्यांच्याविषयी इतरांनीच ग्रंथ लिहावयाचे त्यांच्यातील एकाने आपली हकीकत आपणच सांगितली. परंतु नाव बदलले म्हणजे नजर बदलतेच असे नाही. चावडीवरचा तो प्रसंग घडला, तेव्हा कायदा जाऊन काही वर्षे लोटली होती. आणि तुरुंगांच्या नियमावल्यांतील जातीवार कामवाटप, तसेच विमुक्त जमातींना जन्मतःच सराईत गुन्हेगार समजणाऱ्या तरतुदी घटनाबाह्य आहेत, असे सर्वोच्च न्यायालयास ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सांगावे लागले. म्हणजे तोवर त्या छापील पुस्तकांत नांदत होत्या.

गेल्या वर्षी फार दिवसांनी आम्ही अवसरीस गेलो. वाड्याचा पुढचा भाग पडला आहे. माजघराच्या जागी बाभळी उगवल्या आहेत. पारावर आमच्याहून दोन-तीन वर्षांनी मोठे असलेले एक गृहस्थ बसले होते. ओळख निघाली, जुन्या आठवणी निघाल्या. काकांचे नाव निघताच ते म्हणाले, “देवमाणूस! त्यांच्यासारखा भजनाचा गळा पुन्हा झाला नाही.” काका उतारवयात खरोखरच पुष्कळ सुधारले होते, त्यांना सुधारावयास वेळ आणि घर दोन्ही मिळाले होते. मग ते गृहस्थ आपण होऊन म्हणाले, “तुमच्या आजीच्या पाटल्या त्या रामोशाच्या पोरानं नेल्या होत्या, नाही का? मी होतो तेव्हा चावडीत.”

काका गेले, आजी गेली, वडील गेले. ज्यांच्या नावासाठी गोष्ट पुरली होती त्यांपैकी आज कोणी नाही. गावच्या स्मरणात मात्र ते पोर अजून चोरच होते. आम्ही त्या गृहस्थांना सारे सांगितले: पहाटेची पेटी, ओठांवरचे बोट, मंचरचा सावकार, सारे. ते बराच वेळ काठीशी चाळा करीत बसले. मग त्यांनी एवढेच विचारले, “मग तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत?”

आम्ही म्हणालो, वय लहान होते. वडीलधाऱ्यांचा धाक होता. घरातल्या माणसाविरुद्ध तोंड कसे उघडावयाचे, हे कळत नव्हते.

ही सारी कारणे खरी आहेत. परंतु ती सांगताना आमच्या ध्यानात आले, की आमच्या तोंडूनही स्वतःसाठी दुसरीच म्हण निघाली होती.